घरात कोणी नाही

"एकच क्लिप फेल होतेय," मालविका म्हणाली. "बाकी सगळ्या माणसांना बॉक्स येतोय, ह्या एकालाच येत नाही. डिलीट करू का? सँपलच खराब दिसतंय."

"पाठव मला," शशिधर म्हणाला. खराब सँपल नावाची गोष्ट नसते, आळशी इंजिनियर असतात, हे त्याचं आवडतं मत होतं आणि टीमला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. चहाचा मग घेऊन तो आपल्या जागेवर गेला. खिडकीबाहेर इंग्लंडातलं ब्रॅकनेल गाव ओलं आणि करडं पडलं होतं. डिसेंबरात तिथे सकाळ संपते न संपते तोच संध्याकाळ दाराशी येऊन उभी राहते. इतकी वर्षं झाली तरी त्याला ते अंगवळणी पडलं नव्हतं.

त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते बनवत होते ते यंत्र दिसायला अगदी साधं होतं. शिकारी रायफलच्या दुर्बिणीपुढे बसवायचा थर्मल जोड. दिवसाची दुर्बीण तीच ठेवायची. अंधार पडला की हा जोड तिच्या तोंडाशी अडकवायचा, म्हणजे मिट्ट काळोखात कुंपणाआडचा कोल्हा पांढराफटक दिसू लागतो. कोल्हा कितीही लबाड असला तरी अंगातली ऊब त्याला लपवता येत नाही. मेंढ्या पाळणारे घेत, कोंबड्या पाळणारे घेत, आणि ज्यांच्या घरी शेळीसुद्धा नाही असे हौशी लोक सर्वांत जास्त घेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर शशिधर 'इमेजिंगमध्ये आहे' एवढंच सांगे. सुप्रभा जवळच्या रीडिंग शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टर असल्यामुळे नवराही तसलंच काही एक्स-रेचं करत असावा असं लोक समजत, आणि तो समज मोडायच्या भानगडीत तो पडत नसे. यंदा कंपनीने नवी सोय आणली होती. दुर्बिणीसमोर माणूस आला तर त्याच्याभोवती लाल चौकट उमटायची, की थांब, चाप ओढू नकोस. ती शशिधरची करामत. पण सुरुवातीला ती चौकट कशालाही उमटे, उन्हाने तापलेल्या दगडाला, पाण्याच्या टाकीला, उभ्या वासराला, आणि गिऱ्हाइकं वैतागली. तेव्हा मीटिंगमध्ये शशिधरनेच तोडगा काढला होता. अमुक इतक्या उबेच्या खालचं सगळं सोडून द्यायचं. जिवंत माणूस एवढा गार असूच शकत नाही. बॉसला, ग्रॅहमला, ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते स्लाइडवर घातलं.

त्याने क्लिप लावली. करड्या पडद्यावर एक विटांची भिंत दिसत होती, बऱ्यापैकी उजळ. दिवसभर ऊन खाल्लेली असावी. भिंतीपुढे काहीच नव्हतं. मग भिंतीचाच एक तुकडा जरा हलला. शशिधरने सवयीने आवाज वाढवला, आणि त्याच्या कानात कोणीतरी मराठीत म्हणालं, "थांबा हो बाबा. हलू नका ना."

आपलाच आवाज ओळखायला त्याला क्षणभर लागला. दुसरा मात्र लगेच ओळखू आला. "बरं," दुसरा आवाज लांबून म्हणाला, आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, घाई नाही अशा बेताने, "झालं का रे?"

त्याने क्लिप थांबवली. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी बिस्किटांचं पाकीट फोडत होतं. बाबांना जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. त्यांचे फोटो होते, मुलीने, वरदाने काढलेले दोन-चार व्हिडिओ होते, पण ते सगळे त्याच्या माहितीतले होते, बघायचं ठरवून बघायचे. हे असं ऑफिसात, फेल झालेल्या टेस्टमधून, 'झालं का रे' म्हणत कोणी समोर येईल याची त्याने काहीच तयारी केली नव्हती. त्याने स्वतःला बजावलं की आपण इंजिनियर आहोत, आपल्याला एवढंच बघायचंय की चौकट का आली नाही. मग तो खरोखरच तेवढंच बघू लागला. बाबांनी कानटोपी घातली होती, मफलर नाकापर्यंत होता, चष्म्याची काच थर्मलमध्ये काळी दिसते तशी काळी. कोट जाड. म्हणजे ऊब दिसायला जागा फारशी नव्हतीच. तरीही गाल असतात, कपाळ असतं. घरातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा दिव्यासारखा दिसतो, कितीही गुंडाळा. हा चेहरा भिंतीच्या रंगात मिसळून गेला होता. मग त्याची नजर चेहऱ्यावरून सरकून मागच्या घरावर गेली. ते जोडघर होतं, अर्धं शेजाऱ्यांचं, अर्धं त्याचं. शेजाऱ्यांच्या घर तापवणाऱ्या बॉयलरचं धुराडं पांढरंस्वच्छ होतं, त्यातून वाफेचा ढग निघत होता. त्याचं स्वतःचं धुराडं काळं होतं. जानेवारीतली दुपार, घरात म्हातारा माणूस, आणि बॉयलर बंद. खिडक्यांच्या चौकटी काळ्या, दाराची फट काळी. रिकामं घर कसं दिसतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. शेतावरची रिकामी घरं त्याने शेकड्यांनी पाहिली होती.

त्या दिवशीचं त्याला सगळं आठवलं, आणि आठवू नये ते जास्त. न्यूबरीकडच्या एका शेतावर यंत्राची चाचणी होती. कॉलिन नावाचा त्यांचा शिकारी गवतात आडवा पडून नेम धरत होता आणि शशिधर शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन कुडकुडत होता. थंडीत त्याच्या फोनची बॅटरी मेली. काम लवकर आटोपलं, म्हणून ऑफिसला न जाता तो परस्पर रीडिंगला घरी आला, यंत्रासकट. बाबा मागच्या अंगणात भिंतीला टेकून उन्हात उभे होते. ते हल्ली रोज दुपारी तिथेच असतात हे त्याला सुप्रभाकडून कळलं होतं, आणि त्याने हसून म्हटलं होतं, नागपूरचा माणूस, उन्हाशिवाय करमत नाही. त्या दिवशीही त्याला तेच वाटलं. बाबा आयते उभे आहेत, पाठीमागे भिंत आहे, उजेड जातोय. असं सँपल शोधून मिळायचं नाही. त्याने तिपाई लावली. बाबांना त्याने घरात या असं म्हटलं नाही. थांबा म्हटलं.

आता ते जे काही होतं ते त्याच्या डोक्यात एकेक करून जागच्या जागी बसू लागलं, आणि त्याला ते बसायला नको होतं. घराचं हीटिंग ॲपवर होतं. वरदाने युनिव्हर्सिटीला जाण्याआधी हौसेने बसवलेलं. घरातल्यांचे फोन त्यात घालायचे. सगळे फोन घरापासून लांब गेले की ॲप समजतं, घरात कोणी नाही, आणि बॉयलर बंद करतं. फोन परतीच्या वाटेला लागले की पेटवतं. माणसं पोचेपर्यंत घर गरम. त्या दिवशी त्याचा फोन मेलेला, म्हणून तो दारात येऊनही बॉयलर पेटला नव्हता. तो मित्रांना हे मोठ्या कौतुकाने सांगायचा. बाबांचा फोन जुना बटणांचा, नागपूरहून आणलेला, फक्त तिकडे रेखाला, त्याच्या बहिणीला, मिसकॉल द्यायच्या कामाचा. सकाळी तो ब्रॅकनेलला निघे, सुप्रभा हॉस्पिटलला, आणि घर आपल्या हिशेबाने रिकामं होई. संध्याकाळी ते दोघं येत तेव्हा हॉल गरम असे, बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेले असत आणि विचारत, "आलास?" त्याच्या पावलाने घर तापतं हे बाबांच्या लक्षात आलं असणारच. आयुष्यभर जंगलात ठसे बघत हिंडलेला माणूस तो. आणि भिंतीवर हीटिंगची, हाताने फिरवायची चकती होती की. पण आल्या दिवशी त्यानेच बाबांना घर दाखवलं होतं, हे वॉशिंग मशीन, ही शेगडी, ही चकती, आणि म्हटलं होतं, "बाबा, इथे कशाला हात लावायची गरज नाही. सगळं आपोआप होतं." बाबांनी मान डोलावली होती. मुलाच्या घरात न विचारता पाण्याचा पेलासुद्धा जागचा न हलवणारा माणूस, तो कशाला हात लावतोय. नाताळात वरदा आली होती. तेव्हा सगळे घरीच, घर गरम. तीच एकदा आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली होती, "डॅड, आजोबाचा फोन ॲपमध्ये घातली नाही अजून. दुसरा एक जुना फोन देऊ का त्याला?" आणि त्याने टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं होतं, "राहू दे, मी करतो नंतर."

नंतर म्हणजे आज. त्याने फोन काढून ॲप उघडलं. शशिधर बाहेर, सुप्रभा बाहेर, वरदा बाहेर. खाली बारीक अक्षरात, घरात कोणी नाही. हे खरंच होतं, आता.

बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि फेब्रुवारी उजाडताच परत गेले. त्या जाण्याचा शशिधरने दोन वर्षं एक अर्थ धरून ठेवला होता. क्लिप घेतल्यावर त्या संध्याकाळी त्याने यंत्र बाबांच्या हातात दिलं होतं. बाबा वनखात्यात रेंजर होते. गोंदियाच्या बाजूला, तिकडच्या नवेगावला, मग पेंचकडे, अशी त्यांची सगळी नोकरी रात्रीची गेली. बत्तीच्या उजेडात सांबर मारणाऱ्यांच्या मागावर ते पाच-पाच रात्री मचाणावर काढत. त्यांनी डोळा लावला. कुंपणाशी नेहमीचा कोल्हा आला होता, कचऱ्याच्या पिशव्या हुंगत. बाबा कितीतरी वेळ बघत राहिले, मग यंत्र परत देत म्हणाले, "म्हणजे आता रात्रही उरली नाही म्हणायची यांना." एवढंच. आवाजात राग नव्हता. पण शशिधरला ते लागलं. त्याला वाटलं, एवढी वर्षं इकडे राबून आपण जे केलं त्याचा बाबांनी एका वाक्यात निकाल लावला. त्यानंतर काही दिवसांनी जेवताना बाबा म्हणाले, "मी म्हणतो, फेब्रुवारीत निघतो रे. रेखालाही जरा बरं पडेल." त्याने दोन आणि दोन चार केले. हीथ्रोला जाताना हाउन्सलोला ते डोसा खायला थांबले. विमानतळावर, ट्रॉली ढकलत असताना, तो एकदम म्हणाला होता, "तुम्हाला माझं काम पटत नाही, म्हणून तुम्हाला माझ्या घरात राहवत नाही. सरळ सांगा ना बाबा." बाबा गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले. "नाही रे. तसं काही नाही," म्हणाले. मग पुढे काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, तोंड उघडलंही होतं, पण शशिधरने घड्याळाकडे बघितलं. नंतरचे फोन रविवारचे, हवापाण्याचे, औषधांचे. दिवाळीच्या आधी रेखाचा फोन आला. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. जाणारा गेला, आपल्याच हेक्यात गेला, असं त्याने मनाशी म्हटलं होतं, आणि दुःखात तो राग कामाला आला होता. राग असला की माणूस उभा राहू शकतो. आज त्या गार घराने तो काढून घेतल्यावर त्याला नुसतं खुर्चीत बसणंही जमेना.

घरी येईपर्यंत त्याने गाडीतलं हीटर लावलं नाही. त्याने काय साधणार होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सुप्रभा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती मळायची थांबली.

"मी एकदा हाफ डे घेऊन आले होते," ती म्हणाली. "बाबा कोट घालून पेपर वाचत बसलेले, टोपीबिपी सगळं. मी म्हटलं, थंडी वाजतेय का हो बाबा? तर म्हणाले, नाही गं, जंगलात राहिलेला माणूस मी. आणि मी ते मान्य केलं, शशी. पेशंटनं असं म्हटलं असतं तर आधी हात लावून बघितला असता मी. स्वतःच्या सासऱ्यांना नाही लावला."

"तुझी काही चूक नाही."

"चूक कोणाची ते राहू दे. मला सांग, ते बोलले का नाहीत? एक शब्द? आपण काय परके होतो?"

हॉलमध्ये रेडिएटर टकटक आवाज करत तापत होता. दोघंही तो आवाज ऐकत राहिले आणि पोळ्या उशिरा झाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून त्याने नागपूरला फोन लावला. तिकडे दुपार सरत आली होती. रेखाने आधी त्याची, मग सुप्रभाची, मग वरदाची चौकशी केली, आणि तो गप्पच आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, "काहून रे दादा, बरा आहेस नं?"

"रेखा, बाबा इथून लवकर का परत आले? तुला काही बोलले होते का?"

"आता काय त्याचं," ती म्हणाली.

"सांग."

"त्यांनी शपथ घातली होती, तुला बोलू नको म्हणून. आता तेच नाहीत तर... म्हणाले, शशीचं काही खरं दिसत नाही. पैशाची ओढाताण चालली आहे त्याची. दिवसभर घर गार ठेवतात बिचारे, संध्याकाळी जरा पेटवतात. काम पण काय, जनावरं मारायच्या बंदुकीचं. म्हणे, दुसरं मिळालं असतं तर माझ्या पोराने असलं काम धरलंच नसतं. वरून मी एक खायला बसलेला. मी निघालो तर तेवढीच त्याला सवड."

शशिधरने काचेवरच्या वाफेकडे बघितलं.

"मी म्हटलं, बाबा, त्याला विचारायचं नं सरळ. तर म्हणाले, विचारायचं नसतं. पोरगा आपल्यासमोर ताठ उभा आहे, त्याला वाकायला लावायचं नसतं." रेखा जरा घुटमळली. "दादा, आता ठीक चाललंय नं तुझं? मी इतके दिवस विचारलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून."

"ठीक आहे," तो म्हणाला. "तेव्हाही ठीकच होतं गं." आणि मग त्याला बोलवेना. रेखा पलीकडून "दादा, दादा" करत राहिली. रडण्याचा आवाज तिला जाऊ नये म्हणून त्याने फोन शेजारच्या सीटवर ठेवला, पण बंद केला नाही. आपण हीथ्रोवर बाबांना काय म्हणालो, आणि बाबा त्या वेळी कोणाकडे बघत होते, हे त्याला आता दिसत होतं. ते एका खचलेल्या, आतल्या आत मोडलेल्या मुलाकडे बघत होते, जो लाजेने उलटा त्यांच्यावरच धावून आला आहे. त्यांनी त्याला माफही करून टाकलं असेल, तिथल्या तिथे, ट्रॉली ढकलता ढकलता. ती माफी ज्याच्या नावाची होती तो माणूस कधी नव्हताच. ती आता कोणी घ्यायची आणि कशी, हे त्याला उमजेना. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले, रेखाला संध्याकाळी फोन करतो असं सांगितलं, आणि वर गेला.

मालविका आधीच आली होती. "काय झालं त्या क्लिपचं? उडवू?"

"क्लिप बरोबर आहे. मर्यादा चुकीची लावलीय. मी खाली आणतोय."

"अरे, मग परत दगडांना बॉक्स येणार! ग्रॅहम वैतागेल. कस्टमर्स तर आधीच..."

"येऊ देत दगडांना."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "शशिधर, काय झालं?"

"माझे वडील आहेत ते," तो म्हणाला.

तिने नुसता तोंडावर हात ठेवला, आणि हळूच म्हणाली, "आणि मी दोनदा डिलीट म्हणाले. सॉरी." तो म्हणाला, तुला काय माहीत. मग त्याने ग्रॅहमला दोन ओळींची ईमेल टाकली, की मीटिंगमधलं माझं ते वाक्य चुकीचं होतं, माणूस तेवढा गार असू शकतो, माझ्याकडे पुरावा आहे.

राहिलं ते काम हाताने करायचं होतं. यंत्र चुकलं की माणसाने बसून त्याला दाखवावं लागतं, की बाबा रे, हे बघ, हा माणूस. एकेक चित्र पुढे येतं, त्यावर माउसने चौकट ओढायची, खाली प्रश्न असतो, चित्रात माणूस आहे का, त्याला हो किंवा नाही. हे काम एजन्सीतल्या लोकांना देतात. शशिधरने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. पहिल्या चित्रात बाबा कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते त्याला लवकर ठरवता येईना. चित्र मोठं करून, डोळे बारीक करून त्याने टोपीचं टोक शोधलं, खांदे शोधले. खांदे त्याच्या आठवणीपेक्षा अरुंद होते. बाबांचे हात कुठे आहेत ते त्याला कितीतरी चित्रं कळलं नाही, मग कळलं. ते मागे होते, दोन्ही तळवे भिंतीला चिकटवलेले. दिवसभराचं ऊन विटांत उरलं होतं ते बाबा हातांनी घेत होते. थांबा म्हटल्यावर ते तसेच थांबले होते. त्याने चौकट रुंद करून हात आत घेतले. माणूस आहे का? हो. पुढचं चित्र. हो. मध्ये एकदा बाबांनी किंचित मान वळवली आणि तोंडाशी श्वासाची फिकट वाफ आली, तेव्हा शशिधर हो म्हणून पुढे न जाता तसाच बसून राहिला. मालविकाने त्याच्या टेबलावर चहा आणून ठेवला. हो. हो. "झालं का रे?" असं विचारत असतानाच्या चित्रात बाबांचा मफलर जरासा खाली सरकला होता. हो.

शेवटी त्याने तेव्हा 'झालं' म्हटलं असावं, कारण बाबा भिंतीपासून सुटले आणि दाराच्या बाजूने चित्राबाहेर गेले. आधी खांदा, मग टोपी. नुसती भिंत उरली. माणसाने भिंतीला हात लावला की हात काढल्यावरही थोडा वेळ तिथे पंजा पांढरा उमटलेला राहतो. डेमोमध्ये तो हे लोकांना नेहमी करून दाखवायचा आणि लोक हसायचे. जिथे तळवे होते ती जागा त्याने मोठी करून बघितली, प्रकाश वाढवून बघितली, कमी करून बघितली. विटा होत्या, विटांमधल्या चुन्याच्या रेघा होत्या. पंजे उमटलेच नव्हते.

खाली प्रश्न होता. चित्रात माणूस आहे का? शशिधर बराच वेळ त्याच्यापुढे बसला. मग त्याने 'नाही' दाबलं.